ब्रिटन मध्ये पडलं असतं तर? अमेरिकन यादवी आणि जर-तरच्या कादंबऱ्या

‘इतिहासात जर-तरला जागा नसते’ हे वाक्य आपण शाळेपासून ऐकत आलोय. पण आपल्याइतका जर-तर करणारा समाज शोधून सापडायचा नाही. १४ जानेवारी १७६१ला पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? जयंत नारळीकरांनी याच प्रश्नावर ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ ही कथा लिहिली. तिथे गोळी विश्वासरावांना चाटून जाते आणि पुढचा सगळा हिंदुस्थान बदलतो. इंग्रजीत अशा कथा-कादंबऱ्यांचं एक मोठं दालन आहे, आणि त्यात फार लाडका विषय आहे अमेरिकेचं यादवी युद्ध, म्हणजे १८६१ ते १८६५. त्यातही एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. ब्रिटन आणि फ्रान्स दक्षिणेच्या बाजूनं मध्ये पडले असते तर?

आज आपण या प्रश्नाकडे दोन अंगांनी बघू. एक, हे खरंच घडू शकलं असतं का? दोन, घडलं असतं तर त्याची किंमत कोणी मोजली असती? दुसरा प्रश्न कादंबऱ्यांमध्ये बरेचदा मागे पडतो, म्हणून आज तो जरा पुढे घेऊ.

आधी पट मांडून घेऊ. एप्रिल १८६१मध्ये युद्ध सुरू झालं. फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांची लोकसंख्या नव्वद लाखांच्या आसपास. अमेरिकेत गुलाम होते सुमारे चाळीस लाख, आणि त्यांतले बहुतेक याच राज्यांमध्ये. दक्षिणेकडे कारखाने कमी, आरमार जवळजवळ नाहीच. मग भरवसा कशावर? कापसावर. ब्रिटनच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस तिथून जात होता. हिशोब सरळ होता, कापूस अडवला की लँकेशायरच्या गिरण्या बंद पडतील, मजूर रस्त्यावर येतील आणि लंडनचं सरकार धावत येईल. म्हणून सुरुवातीला दक्षिणेनं स्वतःच कापूस रोखून धरला. पुढे उत्तरेच्या आरमारानं नाकेबंदी केली.

आता कादंबरीकार कुठे हात घालतात ते बघा. अशा लेखकाला एक बिजागरी लागते. सगळं जग तसंच ठेवायचं आणि फक्त एक खिळा काढायचा.

पहिली बिजागरी आहे नोव्हेंबर १८६१ची. दक्षिणेचे दोन वकील, मेसन आणि स्लायडेल, ‘ट्रेंट’ नावाच्या ब्रिटिश टपालबोटीनं युरोपला निघाले होते. उत्तरेच्या आरमारातल्या कॅप्टन विल्क्सनं ती बोट भर समुद्रात अडवून दोघांना उचललं. लंडन खवळलं. सुमारे अकरा हजार सैनिक कॅनडाकडे रवाना झाले. वॉशिंग्टनला जाणारा खलिता फार कडक शब्दांत लिहिला होता. राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट तेव्हा आजारी होते. त्यांनी अंथरुणाला खिळण्याच्या बेतात असताना खलित्याची भाषा मवाळ केली, समोरच्याला माघार घ्यायला वाट ठेवली. दोन आठवड्यांत, १४ डिसेंबरला, ते वारले. डिसेंबर संपता संपता लिंकननं दोघांना सोडायचं ठरवलं. हॅरी हॅरिसन या लेखकानं १९९८ साली ‘स्टार्स अँड स्ट्राइप्स फॉरएव्हर’मध्ये हाच खिळा काढला. त्याच्या कादंबरीत खलिता मवाळ होत नाही, युद्ध पेटतं, ब्रिटिश आरमार चुकून दक्षिणेचंच बिलॉक्सी गाव झोडपतं आणि उत्तर-दक्षिण एक होऊन ब्रिटिशांवर तुटून पडतात.

दुसरी बिजागरी सप्टेंबर १८६२ची, आणि ही जास्त प्रसिद्ध आहे. जनरल ली मेरीलँडमध्ये घुसला होता. त्याच्या सैन्याच्या हालचालींचा हुकूम, क्रमांक १९१, याची एक प्रत कुणाकडून तरी पडली. १३ सप्टेंबरला उत्तरेच्या एका सैनिकाला ती फ्रेडरिक गावाजवळच्या शेतात सापडली, तीन सिगारांभोवती गुंडाळलेली! चार दिवसांनी अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्हीकडचे मिळून सुमारे तेवीस हजार मेलेले, जखमी आणि बेपत्ता. लीला मागे फिरावं लागलं. हॅरी टर्टलडव्हनं १९९७ साली ‘हाऊ फ्यू रिमेन’ लिहिली आणि त्यापुढे दहा कादंबऱ्यांची रांग लावली. त्याच्याकडे तो कागद दक्षिणेच्याच सैनिकांना परत मिळतो, ली जिंकतो, ब्रिटन-फ्रान्स दक्षिणेला मान्यता देतात आणि अमेरिकेची कायमची दोन शकलं होतात.

वाचायला झकास आहे, यात शंका नाही. पण इतिहासाच्या बाजूनं ताडून बघायचं तर लंडनच्या मंत्रिमंडळात काय चाललं होतं ते बघावं लागतं. त्याच सप्टेंबरमध्ये पंतप्रधान पामर्स्टन आणि परराष्ट्रमंत्री रसेल यांच्यात मध्यस्थीबद्दल पत्रं चालू होती. म्हणजे टर्टलडव्ह हवेत बाण मारत नाही. ७ ऑक्टोबरला अर्थमंत्री ग्लॅडस्टन न्यूकॅसलच्या भाषणात जाहीरपणे म्हणून गेले की दक्षिणेच्या नेत्यांनी एक राष्ट्र उभं केलंय. नेपोलियन तिसरा तर तयारच होता, त्याचं सैन्य शेजारी मेक्सिकोत उतरलेलं. त्यानं सहा महिन्यांच्या युद्धबंदीचा प्रस्ताव पाठवला. आणि तरीही नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश मंत्रिमंडळानं नकार दिला.

का दिला? अँटिएटम हे कारण होतंच. पामर्स्टन मुरलेला गडी, जिंकणाऱ्याचा रंग दिसल्याशिवाय पान टाकायचं नाही हा त्याचा खाक्या. पण एवढंच नाही. युद्धमंत्री जॉर्ज कॉर्नवॉल लुईस यांनी अगदी कारकुनी वाटावेत असे प्रश्न विचारले. मध्यस्थी करायची म्हणजे नेमकं सुचवायचं काय? सरहद्द कुठे आखायची? गुलामगिरीचं काय करायचं? उत्तरेनं ऐकलं नाही तर पुढे काय, युद्ध? याची उत्तरं कुणाकडेच नव्हती. आणखी गोष्टी होत्या. १८५९-६०चं पीक भरघोस आलेलं, त्यामुळे सुरुवातीला गिरण्यांकडे कापसाचा साठा होता. इंग्लंडची स्वतःची पिकं बसली होती आणि गहू उत्तरेकडून येत होता. कॅनडाची लांबलचक सरहद्द राखायची होती. म्हणजे एक कागद सापडला नसता तरी यातली एकही अडचण हटत नव्हती. जिंकलेल्या लीनं मंत्रिमंडळाला प्रस्ताव मांडायचं धाडस दिलं असतं, उत्तरं दिली नसती.

आता आपला दुसरा प्रश्न. मध्यस्थीची बाजू घेणारे लोक राक्षस नव्हते, हे नीट लक्षात घेतलं पाहिजे. रक्तपात थांबवा, असं ते म्हणत होते. अँटिएटमची बातमी वाचल्यावर कुणालाही तसंच वाटेल. या युद्धात शेवटी किमान सहा लाख वीस हजार सैनिक मेले असा जुना हिशोब आहे, नवे अंदाज साडेसात लाखांपर्यंत जातात. १८६२च्या हिवाळ्यात परकी शक्तींनी तह घडवला असता तर यातले लाखो जीव वाचले असते. हे खरं आहे आणि ते झटकून टाकता येत नाही.

पण तह कशाच्या आधारावर झाला असता? बाहेरचा मध्यस्थ येतो तेव्हा तो भांडणाचं मूळ विचारत नाही, तो रेघ मारतो. रेघेच्या या बाजूला तुम्ही, त्या बाजूला ते. आणि रेघेच्या दक्षिणेला जे लाखो गुलाम राहिले असते, त्यांना त्या टेबलावर खुर्ची नव्हती. दक्षिणेच्या उपाध्यक्षानं, अलेक्झांडर स्टीफन्सनं, मार्च १८६१मध्येच जाहीर भाषणात सांगितलं होतं की गुलामगिरी ही आमच्या नव्या राज्याची कोनशिला आहे. त्यांच्या संविधानात गुलामांवरच्या मालकीहक्काला बाध आणणारा कायदा करायला मनाई होती. म्हणजे हा तह त्या रक्तपातापुरती शांतता देणार होता आणि दुसरा, रोजचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा हिंसाचार कायद्यानं शाबूत ठेवणार होता.

लिंकननं अँटिएटमनंतर पाचच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, गुलाममुक्तीची प्राथमिक घोषणा केली. सुरुवातीला लंडनमध्ये तिची टवाळीच झाली. पण हळूहळू प्रश्नाचं रूप पालटलं. ३१ डिसेंबर १८६२ला मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये सभा भरली. कापसाअभावी ज्यांच्या चुली विझल्या होत्या त्या भागातल्या मजुरांनी लिंकनला पाठिंब्याचं पत्र धाडलं, आणि लिंकननं जानेवारीत त्याला उत्तर दिलं. लँकेशायरमधले सगळेच मजूर असे होते असं नाही. काही गावांत नाकेबंदी मोडा म्हणणारेही होते. पण उपाशी माणूस नेहमी पोटाच्याच बाजूनं बोलतो हा दक्षिणेचा हिशोब चुकला, एवढं नक्की.

आता कादंबऱ्या या गुलामांचं काय करतात बघा. १९३०मध्ये विन्स्टन चर्चिलनंही गंमत म्हणून असा एक लेख लिहिला. त्यात ली गेटिसबर्ग जिंकतो, वॉशिंग्टनमध्ये शिरतो आणि गुलामगिरी रद्द करून टाकतो! ब्रिटनची मैत्री मोकळी, सगळे खूश, पुढे महायुद्धसुद्धा टळतं. ज्या संविधानाखाली तो लढतोय त्याच्या विरुद्ध हा सेनापती एका फटक्यात कसा जातो, हे चर्चिल विचारत नाही. अडचणीचा पाहुणा मागच्या दारानं घालवावा तसं हे झालं. टर्टलडव्ह जास्त प्रामाणिक आहे. त्याच्याकडे युरोपच्या दोस्तीची किंमत म्हणून नावापुरती मुक्ती होते, पण नागरिकत्व मिळत नाही, आणि कादंबऱ्या १९४०च्या दशकात पोचतात तेव्हा तिथे काळ्या माणसांचा वंशसंहार चाललेला असतो. त्यानं लावलेलं जर शेवटपर्यंत नेलं, म्हणून ते अंगावर येतं.

या सगळ्याशी आपला काय संबंध? बराच आहे. लँकेशायरला कापूस कमी पडला तेव्हा नजर वळली ती मुंबई बंदराकडे. वऱ्हाड, खानदेश, गुजरातचा कापूस सोन्याच्या भावानं जाऊ लागला. तिथले मजूर या आखूड धाग्याच्या ‘सुरती’ कापसाला शिव्या घालत, पण घेत. मुंबईत पैशांचा पूर आला, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे दलाल शेअरबाजाराचे राजे झाले, समुद्र हटवायच्या कंपन्या निघाल्या. एप्रिल १८६५मध्ये ली शरण आला, ही बातमी मुंबईत पोचली आणि फुगा फुटला. १ जुलै १८६५ला वायद्यांची मुदत भरली तेव्हा पेढ्याच्या पेढ्या बसल्या. १८६२मध्येच परकी आरमारांनी नाकेबंदी उठवली असती, तर ती तेजी भरात येण्याआधीच ओसरली असती. शहरातल्या दलालाचं सोडा, शेतकऱ्याचं बघा. चढ्या भावाच्या काळात सावकारानं हात सैल सोडून कर्ज दिलं, पुढे भाव कोसळले, साराही वाढला. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. त्या दंग्याची कारणं अनेक आहेत, पण कापसाची ही चढउतार त्यांतलं एक आहे. लंडनच्या मंत्रिमंडळाच्या टेबलावर या माणसालाही खुर्ची नव्हती.

आणि एक धागा कापसाचा नाही, विचाराचा आहे. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं. ते त्यांनी अर्पण केलं अमेरिकेतल्या सज्जन लोकांना, गुलामांना दास्यातून मोकळं करण्यासाठी त्यांनी जो त्याग केला त्याच्या गौरवार्थ. पुण्यात बसलेल्या माणसाला त्या युद्धाचा अर्थ नीट कळला होता. त्यानं ते सरहद्दीचं भांडण म्हणून पाहिलं नाही, गुलामांच्या बाजूनं पाहिलं. ब्रिटन मध्ये पडलं असतं, रेघ मारली गेली असती, तर ती अर्पणपत्रिका कोणाला लिहायची होती?

जर-तरचा उपयोग असा करायचा असतो. सेनापतीच्या खिशातून कागद पडला की नाही, एवढ्यावर थांबलो तर तो पत्त्यांचा डाव होतो. त्या जरमध्ये सगळ्यात खाली कोण उभं आहे, त्याचं काय झालं असतं, हे विचारलं की तो इतिहासाचा प्रश्न होतो. आजही कुठल्या तरी देशात यादवी चालू असते आणि बाहेरचे देश शांततेचा मसुदा घेऊन येतात. तेव्हा मसुद्यातली रेघ बघण्याआधी टेबलाभोवतीच्या खुर्च्या मोजाव्यात, आणि कोणाची खुर्ची नाही तेही बघावं.