आवाज घरात, चित्र पडद्यावर

सामान्य माणसांच्या आठवणी त्यांच्याच आवाजात जतन करणारी 'स्टोरीकॉर्प्स' ही अमेरिकेतील ना-नफा तत्त्वावरील संस्था. नभोवाणी निर्माते डेव्ह आयसे यांनी २००३ मध्ये तिची स्थापना केली. तिचा पहिला ध्वनिमुद्रण कक्ष न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल रेल्वेस्थानकात उभा राहिला. परस्परांना ओळखणाऱ्या दोघांनी समोरासमोर बसून सुमारे ४० मिनिटे बोलावे आणि त्यांची संमती असल्यास ते संभाषण लायब्ररी ऑफ काँग्रेसमधील अमेरिकन फोकलाइफ सेंटरमध्ये जतन व्हावे, अशी ही पद्धत.

२०१० पासून या ध्वनिमुद्रणांना ॲनिमेशनची जोड मिळाली. सुरुवातीचे लघुपट टिम व माइक राउच या बंधूंनी साकारले. ध्वनिमुद्रणात आवाज असतो, पण सांगितलेल्या प्रसंगाचे दृश्य कोठेच उपलब्ध नसते. ही उणीव रेखाटन भरून काढते. 'डॅनी अँड ॲनी' हा लघुपट पत्नीला नित्यनेमाने प्रेमपत्रे लिहिणाऱ्या ब्रुकलिनमधील एका गृहस्थाची कथा सांगतो. २००६ मध्ये त्याचे कर्करोगाने निधन झाले; अखेरच्या दिवसांतील त्या दांपत्याचा संवादही लघुपटात ऐकू येतो.

खऱ्या माणसांच्या आवाजावर ॲनिमेशन बेतण्याची ही रीत जुनीच. ब्रिटनच्या आर्डमन स्टुडिओतील निक पार्क यांनी 'क्रिएचर कम्फर्ट्स' (१९८९) मध्ये सामान्य नागरिकांची उत्तरे प्राणिसंग्रहालयातील प्राण्यांच्या तोंडी घातली. या लघुपटाला ऑस्करही मिळाले.

२०२० मध्ये करोनाच्या साथीने समोरासमोर बसणेच धोक्याचे ठरले. रुग्णालये व वृद्धाश्रमांत आप्तांना प्रवेश बंद झाला. ज्यांच्यापाशी सांगण्यासारखे सर्वाधिक होते, तेच सर्वाधिक एकाकी पडले आणि त्यांच्याबरोबर आठवणीही कायमच्या जाण्याची भीती निर्माण झाली. संस्थेने मार्च २०२० मध्ये 'स्टोरीकॉर्प्स कनेक्ट' ही सुविधा सुरू केली. तिच्यामुळे दोन घरांतील माणसांना व्हिडिओ कॉलवरून संभाषण नोंदवता येऊ लागले. ॲनिमेशनलाही चित्रीकरणस्थळ वा कॅमेरा पथक लागत नाही. आवाज एका घरात नोंदवावा, चित्रे दुसऱ्या घरात काढावीत, हे त्याला सहज शक्य असते.

अर्थात, चेहरा कसा रेखाटावा, कोणता रंग द्यावा, हा निर्णय चित्रकाराचा असतो. शिवाय ४० मिनिटांच्या बोलण्यातील मोजकीच मिनिटे पडद्यावर येतात. त्यामुळे लघुपट हा त्या आठवणीचा एक अन्वयार्थ ठरतो. मूळ दस्तऐवज मात्र संग्रहातील पूर्ण ध्वनिमुद्रणच.