वाकलेल्या बोटांची कहाणी

महारोगाने बोटे झडतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. शतकानुशतके माणसाला गावाबाहेर काढायला एवढी वाकडी बोटे पुरेशी होती. कुणी पूर्वजन्मीचे पाप म्हणाले, कुणी खुदाचा कहर. १८७३ मध्ये नॉर्वेच्या डॉ. हॅन्सेन यांना या रोगाचा जंतू सापडला आणि पाप-शापाची भाषा खोटी ठरली. बोटांचे कोडे मात्र पुढे पाऊणशे वर्षे तसेच राहिले.

१९४७ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातील शल्यचिकित्सक डॉ. पॉल ब्रँड चेंगलपेटच्या कुष्ठधामात गेले. बोटे आखडलेल्या एका रुग्णाच्या हातात त्यांनी हात दिला, तर पकड अशी जबर की ब्रँडच कळवळले! एवढे बळ असताना बोटे वाकडी का?

उत्तर मज्जातंतूंत होते. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला, की तळहातातले लहान स्नायू लुळे पडतात. मनगटावरचे बळकट स्नायू मात्र ओढतच राहतात. आधी करंगळी आणि अनामिका आत वळतात, पुढे सांधेच आखडतात. घोट्याजवळचा मज्जातंतू गेला, की पायाच्या बोटांची तीच गत होते. बधिर हाताला चटका कळत नाही, पायाला काटा कळत नाही. जखम चिघळत हाडापर्यंत जाते आणि बोट झिजते. बोट हरवते ते वेदना हरवल्यामुळे.

ब्रँड यांनी १९४८ पासून धडधाकट स्नायूबंध निकामी स्नायूंच्या जागी जोडून अशी बोटे सरळ करायला सुरुवात केली. त्याच सुमारास आपल्याकडे वरोऱ्याजवळ बाबा आमटे आनंदवन उभे करत होते. तिथे याच हातांनी शेती पिकवली, कापड विणले.

समाज मात्र मागे राहिला. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्यात आणि १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते. बहुविध औषधोपचार १९८२ मध्ये आला, रोग पूर्ण बरा होऊ लागला. तरी ही कलमे निघायला २०१९ साल उजाडले.

फिकट वा लालसर बधिर चट्टा, हातापायांना मुंग्या, करंगळीतला अशक्तपणा, पायातून नकळत निसटणारी चप्पल – ही लक्षणे दिसली तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. वेळेवर घेतले, तर बोट वाकण्याची पाळी सहसा येत नाही. आणि कुणाचे वाकलेले दिसलेच, तर त्या हातात आपला हात द्यायला कचरू नका.