न्यू कॅलेडोनियाची मतदारयादी

एखाद्या देशानें स्वतंत्र व्हावें कीं नाहीं हें त्या देशाच्या लोकांनींच ठरवावें, या तत्त्वाविषयीं आतां फारसा कोणी वाद घालीत नाहीं. वाद आहे तो ‘त्या देशाचे लोक’ म्हणजे कोण, एवढ्याविषयींच. मतें मोजणें हें कारकुनाचें काम. परंतु कोणाचीं मतें मोजावयाचीं हें ठरविणें ज्याच्या हातीं असतें, त्याच्याच हातीं पुष्कळदां निकालही असतो. पॅसिफिक महासागरांतील न्यू कॅलेडोनिया या फ्रेंच बेटाच्या इतिहासांत ही गोष्ट जितकी स्वच्छ दिसते तितकी ती दुसरीकडे क्वचितच दिसेल.

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस असलेलें हें बेट फ्रान्सनें १८५३ सालीं नेपोलियन तिसरा याच्या आज्ञेवरून आपल्या ताब्यांत घेतलें. तेथील मूळच्या कनाक लोकांस अर्थातच कोणी विचारलें नाहीं. १८६४ पासून फ्रान्स तेथें कैदी पाठवूं लागला. १८७१ च्या पॅरिस कम्यूनमधील बंडखोर आणि त्याच वर्षीं अल्जीरियांत उठलेले कबाइल हेही याच काळ्या पाण्यावर आले. कनाकांच्या जमिनी गुरांच्या चराईखालीं गेल्या. १८७८ मध्यें त्यांचा नायक अताई यानें बंड केलें व त्यांत तो मारला गेला. (हद्दपार कम्यूनवाल्यांपैकीं लुईझ मिशेल या बाईनें कनाकांची बाजू घेतली, तिचे कांहीं सोबती मात्र सरकारच्या बाजूनें हत्यार धरावयास गेले. स्वतः भोगलेल्या अन्यायानें मनुष्य न्यायी होतोच असें नाहीं.) १८८७ पासून कनाकांना ‘देशी’ लोकांचा निराळा कायदा लागू झाला. तो उठावयास १९४६ साल यावें लागलें, आणि सर्व कनाकांस मताधिकार मिळावयास १९५७ उजाडलें. म्हणजे पहिलीं शंभर वर्षें यादीचा तंटाच उद्भवला नाहीं, कारण ज्यांनीं तंटा करावयाचा त्यांचें नांवच यादींत नव्हतें.

मताधिकार हातीं आला आणि त्याची किंमत लागलीच उतरूं लागली. बेटांत निकेलच्या मोठ्या खाणी आहेत. १९७० च्या सुमारास निकेलचा बाजार चढला, तेव्हां फ्रान्समधून व इतर फ्रेंच बेटांतून माणसांचा लोंढा आला. १९७२ मध्यें पंतप्रधान मेस्मेर यांनीं आपल्या एका मंत्र्यास लिहिलेलें पत्र प्रसिद्धच आहे. फ्रेंच नागरिक मोठ्या संख्येनें तेथें नेऊन वसविले तरच तेथील राष्ट्रीय मागणीचा धोका दीर्घकाळ टळेल, असा त्याचा आशय. इतका मोकळेपणा राज्यकर्त्यांच्या पत्रव्यवहारांत विरळा. एकही गोळी न झाडतां एखाद्या समाजास त्याच्याच देशांत अल्पसंख्य करावें, आणि मग त्यास बहुमताचा निर्णय शिरोधार्य मानावयास सांगावें, अशी ही युक्ति होती.

या पार्श्वभूमीवर १९८३ च्या जुलैमध्यें पॅरिसजवळ नॅव्हिल-ले-रोश येथें भरलेली बैठक आम्हांस फार मोलाची वाटते. ‘मत फक्त कनाकांचें’ असें म्हणणें कनाक पुढाऱ्यांस सोपें होतें, आणि त्यांच्या पाठीराख्यांत टाळ्याही त्यालाच पडल्या असत्या. परंतु झाँ-मारी चिबाऊ व त्यांचे सहकारी यांनीं मान्य केलें कीं, कैदी किंवा मजूर म्हणून आणलेल्यांचे वंशज हेही इतिहासाचेच बळी होत. त्यांस जावयास दुसरा देश नाहीं. स्वयंनिर्णयांत त्यांचाही वांटा असावा. मोबदल्यांत कनाकांच्या मूळ हक्कास मान्यता मिळावी, एवढेंच त्यांचें मागणें. ओसरी दिली कीं पाय पसरले जातात, हें त्यांना ठाऊक नव्हतें असें नाहीं. फ्रान्सनिष्ठ पक्षानें मात्र निवेदनावर सही नाकारली.

पुढें १९८७ मध्यें सरकारनें केवळ तीन वर्षांच्या वास्तव्यावर मत देऊन सार्वमत घेतलें. कनाक पक्षांनीं बहिष्कार घातला, आणि शेंकडा ९८ मतें फ्रान्सच्या बाजूनें पडलीं. वर्षभरांत ऊव्हेआ बेटावर रक्त सांडलें. तेव्हां कुठें मातिन्योंचा करार झाला, आणि तो मंजूर करण्यास अख्ख्या फ्रान्सचें सार्वमत घेतलें गेलें! तीन मतदारांपैकीं जेमतेम एक मतदानास आला. करार न रुचलेल्या एका कनाकानेंच १९८९ मध्यें चिबाऊ यांचा प्राण घेतला.

१९९८ च्या नूमेआ करारानें यादी अखेर बांधली गेली. कनाक, बेटावर जन्मून तेथेंच संसार असलेले लोक, १९९८ चे पात्र मतदार, आणि बाहेरून आलेल्यांपैकीं २०१४ अखेर सलग वीस वर्षें राहिलेले, यांनाच स्वातंत्र्याविषयीं मत. एकोणीस वर्षें तेथें शाळा चालविणाऱ्या शिक्षकास हा नियम कठोर वाटेल, आणि तो कठोर आहेच. वगळलेल्या कांहीं रहिवाशांनीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे दाद मागितली. २००२ मध्यें ती मान्य झाली नाहीं. स्कॉटलंडनें २०१४ मध्यें सोळा वर्षांवरील बहुतेक सर्व रहिवाशांस मत दिलें आणि लंडनमध्यें राहणाऱ्या स्कॉटास दिलें नाहीं, याचा दाखला येथें देतात. पण स्कॉटलंडांत माणसें भरून निकाल फिरविण्याचें पत्र कोणा पंतप्रधानानें लिहिलें नव्हतें. आमच्या मतें वीस वर्षांचा आंकडा तत्त्वांतून निघालेला नाहीं, तो दोन पक्षांच्या शब्दांतून निघाला आहे. म्हणूनच एकट्या पक्षाला तो मोडतां येत नाहीं.

या यादीवर २०१८ मध्यें स्वातंत्र्याच्या विरुद्ध शेंकडा ५६ हून अधिक मतें पडलीं, २०२० मध्यें ५३ हून थोडीं अधिक. दोन्ही वेळीं शेंकडा ८० हून जास्त मतदार आले, आणि हरलेल्यांनीं निकाल मानला. तिसरें मतदान २०२१ च्या डिसेंबरांत होतें. कोविडच्या साथीनें कनाक कुटुंबें सुतकांत होतीं. त्यांनीं तारीख पुढें ढकलण्याची विनंति केली, ती नाकारली गेली. मग बहिष्कार पडला, निम्म्याहून कमी मतदार आले, आणि १९८७ सारखीच शेंकडा ९६ ची पोकळ जीत फ्रान्सच्या पदरांत पडली.

२०२४ मध्यें प्रांतिक निवडणुकांची गोठविलेली यादी दहा वर्षांच्या रहिवाशांस खुली करणारें विधेयक, कनाक पक्षांची संमति नसतां, पॅरिसच्या लोकसभेनें मंजूर केलें. त्या मे महिन्यांत नूमेआंत जाळपोळ झाली व पुढील कांहीं महिन्यांत चौदा माणसें प्राणांस मुकलीं. जूनमध्यें राष्ट्राध्यक्षांनीं विधेयक स्थगित केलें, आणि ऑक्टोबरांत नव्या पंतप्रधानांनीं तें सोडून दिलें.