मुंबई उपनगरांतील महापालिका प्रभाग : निवडणूक-इतिहास

अंधेरी-भांडुपपर्यंतची उपनगरे १९५० मध्ये आणि दहिसर-मुलुंडपर्यंतची १९५७ मध्ये बृहन्मुंबईत आली. तेथील प्रभागाचा इतिहास सामान्यतः क्रमांकावरून सांगितला जातो. ही पद्धत मुळातच दिशाभूल करणारी आहे. २०१७ च्या पुनर्रचनेत एकूण जागा २२७ च राहिल्या, पण शहरातील सात जागा घटून पश्चिम उपनगरांत पाच आणि पूर्व उपनगरांत दोन वाढल्या. लोकवस्ती उत्तरेकडे सरकल्याचाच हा परिणाम. सीमा हलल्या, की जुन्या क्रमांकाखाली वेगळेच मतदार येतात. त्यात २०१२ पासून निम्म्या जागा महिलांसाठी राखीव. सोडतीत आरक्षण बदलले, की कामाचा नगरसेवकही शेजारचा प्रभाग शोधतो किंवा घरातील स्त्रीला उभे करतो. मतदाराला मात्र त्याच्या कामाचा हिशेब मतपेटीतून मागता येत नाही, आणि हे नुकसान मोठे आहे.

सीमा बदलल्या तरी पक्षांची मते जुळवता येतात, असा आक्षेप घेतला जातो. पण २०१२ मध्ये शिवसेना व भाजप युतीने लढले, तर २०१७ मध्ये परस्परांविरुद्ध; मग पक्षनिहाय तुलना तरी कशाच्या आधारे करायची? प्रभागाचा इतिहास मतदान केंद्रनिहाय आकड्यांवरूनच लिहिला पाहिजे.