इंटेलनं मेमरी का सोडली?

फोन घेताना आपण हमखास विचारतो, "रॅम किती आहे?" ती रॅम बहुतेक वेळा सॅमसंग, एसके हायनिक्स किंवा मायक्रॉनची असते. इंटेलची नसते. आता गंमत ऐका. इंटेल सुरू झाली तीच मुळी मेमरी बनवायला!

1968 साली रॉबर्ट नॉइस आणि गॉर्डन मूर यांनी कॅलिफोर्नियात ही कंपनी काढली. तेव्हा कॉम्प्युटरची मेमरी म्हणजे तारांत ओवलेल्या बारीक चुंबकीय कड्या. अगदी मण्यांसारख्या! 1970 मध्ये इंटेलनं 1103 नावाची चिप आणली. क्षमता 1,024 बिट, म्हणजे आजच्या हिशेबात मराठी मेसेजची जेमतेम एक ओळ. पण या चिपनं त्या कड्यांचं दुकान बंद केलं.

मग जपान आला. 1976 ते 1980 सरकारनं एनईसी, हिताची, तोशिबा, फुजित्सू, मित्सुबिशी या पाच कंपन्यांना एकत्र संशोधनाला बसवलं. त्यांचा माल स्वस्त होता म्हणून ते जिंकले, असं आपण सहज म्हणतो. ते अर्धंच खरं. 1980 मध्ये ह्यूलेट-पॅकार्डनं जाहीर सांगितलं, की जपानी चिप अमेरिकन चिपपेक्षा कमी बिघडतात. अमेरिकेत खळबळ उडाली.

शिवाय मेमरीचा धंदा म्हणजे कांद्याचा बाजार. भाव चढला की सगळेच कारखाने उभारतात, ते तयार व्हायला वेळ लागतो, आणि मग सगळ्यांचा माल एकदम बाजारात. भाव कोसळतो. बरं, एकाची चिप काढून दुसऱ्याची बसवली तरी कॉम्प्युटरला फरक पडत नाही. मग जास्त पैसे कोण देणार? 1985 मध्ये नेमकं हेच झालं.

त्याच वर्षी अँडी ग्रोव्ह आणि मूर ऑफिसात हताश बसले होते. ग्रोव्हनं विचारलं, आपल्याला काढून नवा माणूस आणला तर तो काय करेल? मूर म्हणाले, मेमरी बंद करेल. यावर ग्रोव्हचं म्हणणं, मग आपणच दाराबाहेर जाऊन परत आत येऊ आणि ते करून टाकू! हा किस्सा ग्रोव्हनंच पुढे लिहून ठेवलाय. ऐकायला भारी वाटतो, पण त्या दारातून हजारो कामगार बाहेर गेले ते परत आत आले नाहीत. 1986 मध्ये कंपनीला 17 कोटी डॉलरहून जास्त तोटा झाला.

उरला प्रोसेसर. आधीचे प्रोसेसर एएमडीसुद्धा बनवायची, कारण आयबीएमला एकाच पुरवठादारावर अवलंबून राहायचं नव्हतं. ऑक्टोबर 1985 मध्ये 386 आला आणि इंटेलनं तो एएमडीला द्यायचं नाकारलं. माझ्या मते हा मेमरीत पोळलेल्यांचा निर्णय होता. तीच वस्तू शेजारीही विकत असेल तर भाव आपल्या हातात राहत नाही, हे ते शिकले होते. एएमडी लवादात गेली आणि 1991 मध्ये स्वतःचा 386 घेऊन उतरली. तोवर इंटेल खूप पुढे गेली होती. 1992 मध्ये ती जगातली सर्वात मोठी चिप कंपनी झाली.

आणि जपानी? त्यांना कोरियन कंपन्यांनी गाठलं. एनईसी आणि हिताचीनं मेमरीचा धंदा एकत्र करून एल्पिडा काढली. 2012 मध्ये तिचं दिवाळं निघालं, पुढच्या वर्षी ती विकत घेतली अमेरिकेच्या मायक्रॉननं.