राजा घाटासमोरील अभयजल

काशीचा राजघाट आणि राजा घाट ही दोन स्थळे पुष्कळदा एकच समजली जातात. राजघाट उत्तरेस, मालवीय पुलापाशी आहे. राजा घाट दशाश्वमेधाच्या दक्षिणेस, नारद घाटाला लागून आहे. त्याचे जुने नाव अमृतराव घाट. राघोबादादांचे दत्तक पुत्र अमृतराव पेशवे यांनी १८०३ साली इंग्रजांशी तह करून पुण्याचे राजकारण सोडले आणि पुढे उत्तरेत वास्तव्य केले. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा घाट त्यांनी दगडी बांधून काढला. येथे येणाऱ्या मराठी माणसाचे लक्ष साहजिकच पायऱ्यांकडे जाते. परंतु पायऱ्यांपुढील पाण्यालाही इतिहास आहे, आणि त्यातील अगदी अलीकडचा भाग विचार करावयास लावणारा आहे. १९८९ पासून सुमारे तीस वर्षे या पाण्यात जाळे टाकणे हा गुन्हा होता.

पाण्यातील जिवांस राजाज्ञेने अभय देण्याची कल्पना आपल्याकडे नवी नव्हे. कौटिल्याने अर्थशास्त्रात अभयवनातील पशू, पक्षी व मत्स्य यांस पकडणाऱ्यास अथवा मारणाऱ्यास उत्तम साहसदंड, म्हणजे सर्वांत मोठा दंड, सांगितला आहे. त्याच ग्रंथात कोळ्यांनी राजाच्या नौका वापरल्याबद्दल मिळकतीचा सहावा हिस्सा द्यावा असेही म्हटले आहे. अशोकाने अभिषेकास सव्वीस वर्षे झाल्यावर कोरविलेल्या पाचव्या स्तंभलेखात अवध्य प्राण्यांची यादी दिली आहे. तीत काही मासे व कासव आहेत. ‘गंगापुपुटक’ या नावाचा जीवही आहे, आणि तो गंगेतील सुसू असावा असे काही अभ्यासक मानतात. चातुर्मासींच्या व तिष्य पौर्णिमेच्या वेळी तीन तीन दिवस, तसेच उपोसथाच्या दिवशी, मासे मारू नयेत व विकूही नयेत अशी आज्ञा आहे. त्याच लेखात ‘केवटभोग’ हा शब्द येतो. केवटांनी ज्या जलाशयांचा उपभोग घ्यावयाचा, ते केवटभोग. विशिष्ट दिवशी तेथेही हिंसा वर्ज्य होती. इतर दिवशी ते पाणी केवटांचेच होते. बंदी घालणाऱ्या राजाने बंदी कोणावर पडते याचे भान ठेवले होते, ही गोष्ट येथे ध्यानात घेण्याजोगी आहे.

इंग्रजी अमदानीत हा प्रश्न जाळ्याच्या विणीवर येऊन ठेपला. फ्रान्सिस डे यांनी १८७३ साली हिंदुस्थान व ब्रह्मदेश येथील गोड्या पाण्यातील माशांविषयी अहवाल दिला आणि बारीक विणीच्या जाळ्यांनी पिलांचा संहार होतो, हे त्यात मांडले. १८९७ च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने सुरुंगाची दारू व विष वापरण्यास मनाई केली. जाळ्याची जात आणि त्याच्या घरांचे माप ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस दिला. कायद्याचा रोख योग्य होता, कारण पिलू गेले की पुढील वर्षाचा मासा गेला. नदीवर पहारा ठेवणे मात्र कागदावर नियम लिहिण्याइतके सोपे नव्हते.

काशीच्या प्रवाहात अभयारण्य आले ते वेगळ्याच कारणाने. १९८६ मध्ये गंगा कृती योजना सुरू झाली. अर्धवट जळालेली प्रेते नदीत सोडली जातात, ती कासवांनी खाऊन पाणी शुद्ध करावे, असा विचार पुढे आला. चंबळेच्या काठची अंडी सारनाथच्या केंद्रात उबवून मांसाहारी कासवांची हजारो पिले गंगेत सोडण्यात आली, आणि १९८९ साली रामनगरच्या किल्ल्यापासून मालवीय पुलापर्यंतचे सात किलोमीटरचे पात्र कच्छप अभयारण्य म्हणून घोषित झाले. राजा घाट या पट्ट्याच्या मधोमध येतो. कासवाला श्वास घेण्यासाठी वर यावे लागते. नायलॉनच्या जाळ्यात ते अडकले की बुडून मरते. सुसूचीही तीच गत. म्हणून जाळी बंद झाली आणि समोरच्या वाळूचा उपसाही बंद झाला. या दोन्हींवर काशीच्या मल्लाहांपैकी अनेकांचा संसार चालत असे. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंना पैलतीरी नेणारा मनुष्य आपल्याच घाटावर एका घोषणेने चोर ठरला. चोरटी मासेमारी थांबली नाही. तिचे पाप जाळे टाकणाऱ्याच्या माथी मारून आपण मोकळे झालो.

पुढची हकीकत अधिक बोलकी आहे. हल्दिया ते अलाहाबाद हा राष्ट्रीय जलमार्ग १९८६ सालीच जाहीर झाला होता. १२ नोव्हेंबर २०१८ रोजी रामनगर येथे मालवाहू जहाजांच्या धक्क्याचे उद्घाटन झाले. हल्दियाहून तेथे येणाऱ्या जहाजाची वाट अभयारण्यातूनच जात होती. २०२० मध्ये काशीचे अभयारण्य रद्द झाले आणि प्रयागराज, मिर्झापूर व भदोही या जिल्ह्यांतील तीस किलोमीटरच्या पात्रात नवे स्थापन झाले. काशीच्या पात्रात माणसांची वर्दळ फार, हे कारण खोटे नव्हे. पण वर्दळ १९८९ सालीही होती. सात किलोमीटरचे जे पाणी छोट्या होडीसाठी तीस वर्षे निषिद्ध राहिले, ते मोठ्या जहाजाची वेळ येताच मोकळे झाले, असेच मल्लाहास वाटले तर त्यास दोष कसा द्यावा?

येथे मराठी माणसास आपल्याकडील दोन गोष्टी आठवाव्यात. महाडजवळ काळ नदीवर वाळणकोंड नावाचा डोह आहे. तेथील मासे वरदायिनी देवीचे मानले जातात आणि त्यांस कोणी धरीत नाही. कोकणातील कोळी पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढतात व नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ वाहून मगच दर्यात शिरतात. हे नियम पाळणारे तेच आहेत ज्यांचे पोट त्या पाण्यावर आहे. म्हणून त्यांस दर वळणावर शिपाई लागत नाही.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे छत्र सुसूवर व गंगेच्या मृदुकवची कासवावर आजही आहे, आणि ते राहिलेच पाहिजे. बारीक जाळ्याचे समर्थन कोणीही करू नये. तथापि नव्या अभयजलाची सीमा आखताना केवटभोग कोठे उरला, हा प्रश्न त्याच कागदावर लिहिला गेला पाहिजे. अशोकाच्या लेखकाने तो शब्द दगडावर कोरून ठेवला होता.