दाढी, ब्रश-साबणाची

ब्रशाने साबणाचा फेस काढून तो ओल्या दाढीवर चढवणे आणि सुट्या पात्याच्या सेफ्टी रेझरने अथवा वस्तऱ्याने केस कातडीलगत काढणे, ही श्मश्रूची जुनी रीत. मराठीत तिला वेगळे नाव नाही. डब्यातला तयार फेस व अनेक पात्यांची रेझरे येण्यापूर्वी ‘दाढी’ म्हणजे हीच. ‘हजामत’ या शब्दात डोक्याचे केस कापणेही येते.

इतिहास : वस्तऱ्याआधी पाणी हवे, हे ज्ञान फार जुने आहे. अथर्ववेदाच्या सहाव्या कांडातील ६८ वे सूक्त क्षौरविधीचे असून त्यात सवित्याला वस्तऱ्यासह आणि वायूला ऊन पाण्यासह येण्याचे आवाहन आहे. केस आधी भिजवण्याचा उल्लेखही तेथेच येतो. सोळा संस्कारांतील केशान्त किंवा गोदान हा पहिल्या दाढीचा संस्कार होय.

स्वतःची दाढी स्वतः करणे ही मात्र शिकण्याची विद्या आहे, असे मांडणारा महत्त्वाचा ग्रंथ पॅरिसमधील झां-झाक पेरे या सुरी-कात्र्या बनवणाऱ्या कारागिराचा. १७६९ मध्ये निघालेल्या या फ्रेंच पुस्तकाच्या नावातच ‘स्वतःची दाढी करण्यास शिकण्याची कला’ असे शब्द आहेत. वस्तरा कसा पारखावा, धार कशी लावावी, हात कसा धरावा हे त्याने नवशिक्यासाठी लिहिले. सुताराच्या रंध्यावरून सुचलेले, धारेचा थोडाच भाग बाहेर ठेवणारे आवरणही त्याने सुचवले. पुढच्या सर्व सेफ्टी रेझरांचे बीज या कल्पनेत आहे. न्यूयॉर्कच्या काम्फे बंधूंनी १८८० मध्ये तसे रेझर पेटंट केले. टाकाऊ, दुधारी, पातळ पात्याचे रेझर किंग कँप जिलेट यांचे. पोलादी पत्र्याला धार टिकेल असे पाणी देण्याचे काम विल्यम निकरसन या अभियंत्याने साधले. १९०३ मध्ये ५१ रेझरे आणि १६८ पाती खपली. पेटंट १५ नोव्हेंबर १९०४ रोजी मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना रेझरे पुरवली गेली आणि घरी दाढी करण्याची सवय त्यांच्याबरोबर परतली.

ब्रश : बिज्जू, डुक्कर किंवा घोडा यांच्या केसांचा, अथवा कृत्रिम तंतूंचा. डुकराच्या केसांचा ब्रश आरंभी राठ लागतो. काही आठवड्यांच्या वापराने केसांची टोके फाटून तो मऊ होतो.

ब्रशाच्या इतिहासातील एक प्रकरण नोंदवणे आवश्यक आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन व अमेरिकेत दाढीच्या ब्रशांतून अँथ्रॅक्स म्हणजे सांसर्गिक काळपुळीची लागण झाली. बिज्जूच्या केसांचा तुटवडा पडल्याने घोड्याचे, नीट निर्जंतुक न केलेले केस ब्रशांत आले होते. या जंतूचे बीजाणू साबणाने वा ऊन पाण्याने मरत नाहीत आणि दाढीतील बारीकसा कापही त्यांना पुरतो. ब्रिटनने १९२० मध्ये जपानी ब्रशांच्या आयातीवर बंदी घातली.

साबण आणि पाणी : या विद्येचा गाभा येथे आहे. दाढीचा केस केरॅटिन या प्रथिनाचा असतो. पाणी आत शिरले की त्यातील हायड्रोजन बंध सैल होतात, केस फुगतो व मऊ पडतो. त्याला ऊन पाण्यात दोन-तीन मिनिटे लागतात. केसावरील तेलकट थर पाण्याला अडवतो आणि साबण तो थर काढतो. फेसाचे दुसरे काम म्हणजे पाते फिरेपर्यंत ते पाणी केसापाशी धरून ठेवणे. तिसरे, पाते सरकावे म्हणून कातडी निसरडी करणे.

अंगाचा साबण यासाठी अपुरा पडतो. तो मुख्यतः दाहक सोड्यापासून होतो आणि त्याचा फेस चेहऱ्यावर लवकर सुकतो. दाढीच्या साबणात स्टिअरिक अम्लाचे प्रमाण मोठे असते आणि सोड्याच्या जोडीला दाहक पोटॅश वापरतात. पोटॅशचा साबण मऊ व अधिक विद्राव्य, तर स्टिअरिक अम्लाचा फेस बारीक बुडबुड्यांचा, टिकाऊ असतो. खोबरेलाने फेस झटकन फुलतो, पण मोठे बुडबुडे लवकर बसतात. म्हणून ते थोडेच घालतात. ग्लिसरीन ओल धरते.

दुष्फेन पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम साबणाला फाडतात. फेसाऐवजी चिकट साका उरतो. दख्खनच्या पठारावर विंधन विहिरीच्या अशा ‘जड’ पाण्याने दाढी करणाऱ्याला पुष्कळदा साबणच वाईट वाटतो. पाणी उकळून निवळून घेतल्यास जडपणा काही अंशी जातो, पावसाचे साठवलेले पाणी सर्वांत चांगले.

शिकण्याचा क्रम : एक दिवस दाढी न करता बोटांनी खुंटांची दिशा चाचपावी. गालावर ती बहुधा खाली असते. गळ्यावर आडवी, तिरपी, क्वचित वरही असते. ब्रश भिजवून, झटकून साबणावर अर्धा मिनिट फिरवावा. मग वाटीत किंवा थेट चेहऱ्यावर थेंब थेंब पाणी घालत फेस करावा. तो बासुंदीहून दाट, चक्क्याहून पातळ आणि चकाकणारा हवा. नवशिक्याची नेहमीची चूक म्हणजे पाणी कमी. फेस हवेने फुगलेला दिसतो, पण दोन बोटांत चोळल्यास निसरडा लागत नाही.

पाते कातडीशी सुमारे ३० अंशांच्या कोनात धरावे. दुसऱ्या हाताने कातडी ताणावी, रेझरच्या वजनावर काम सोडावे, हात आखूड मारावेत. आधी सुलटा हात. पुन्हा फेस लावून आडवा. उलट्या हाताविषयी मतभेद आहेत. ज्यांचे केस कुरळे आहेत त्यांच्या कातडीत त्याने केस आत वळून पुळ्या येतात. पहिले काही आठवडे सुलट्या हातावरच थांबणे बरे. शेवटी गार पाणी व तुरटी. तुरटी जेथे झोंबते तेथे जोर जास्त पडला, असे समजावे.

दाढी केल्याने केस दाट येतात, हा समज चुकीचा आहे. मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी १९२८ मध्येच तो तपासून खोडला.

वस्तरा : त्याची धार राखणे, सहाण व चामडी पट्टा, हा स्वतंत्र अभ्यास आहे.

महाराष्ट्रात : न्हावी किंवा वारीक हा बारा बलुतेदारांपैकी एक. त्याची हत्यारे धोकटीत असत आणि मोबदला वर्षाच्या धान्यात मिळे. संत सेना न्हावी यांनी अभंगांत आरसा, चिमटा या हत्यारांना परमार्थाचा अर्थ दिला. त्यांचा काळ व मूळ प्रदेश यांविषयी एकमत नाही. रक्तातून पसरणाऱ्या रोगांची जाणीव वाढल्यावर दुकानांतून प्रत्येक गिऱ्हाइकाला नवे अर्धे पाते लावण्याचा वस्तरा रूढ झाला. नवे कारागीर फुग्यावर फेस लावून हात बसवतात.

वापरलेली पाती : दुधारी पाते सुमारे एक दशांश मिलिमीटर जाडीचे असते आणि दाढीला निरुपयोगी झाल्यावरही बोट कापते. ते सुटे कचऱ्यात टाकू नये. झाकणाला चीर पाडलेल्या पत्र्याच्या डब्यात साठवावे आणि डबा भरल्यावर बंद करून, वर ‘पाती’ असे लिहून कचरा वेचणाऱ्यांच्या हाती द्यावा.